न विचारलेले दुखणे

१९८९ च्या जानेवारीत ‘लॅन्सेट’ या इंग्लंडातील मान्यवर वैद्यकीय नियतकालिकात गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांविषयी एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. चंद्रपूरचे विभाजन होऊन २६ ऑगस्ट १९८२ रोजी निर्माण झालेल्या, अरण्याने वेढलेल्या आणि महसुली दप्तरात जेमतेम सहा वर्षांचे वय असलेल्या या जिल्ह्यात डॉ. राणी बंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी, इस्पितळाच्या पायरीशी आलेल्या स्त्रियांपुरते न थांबता, प्रत्यक्ष गावांत जाऊन ६५० स्त्रियांची शास्त्रशुद्ध तपासणी केली होती. त्या तपासणीत शंभरांतल्या ९२ स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग जडलेला आढळला. एकेकीच्या वाट्याला सरासरी ३.६ विकार आले; आणि आयुष्यात पूर्वी कधी अशी तपासणी झाली आहे असे सांगणाऱ्या स्त्रिया शंभरांत अवघ्या ८ निघाल्या. हे आकडे पुढे जगभर उद्धृत झाले. मला मात्र त्याच निबंधातील आणखी एक आकडा अधिक अस्वस्थ करतो. स्त्रीरोगाची काही तक्रार सांगणाऱ्या स्त्रिया शंभरांत ५५ च होत्या. उरलेल्यांपैकी बहुतेकजणी दुखणे अंगावर वागवीत होत्या आणि त्याविषयी मौन पाळून होत्या. काहींना ते दुखणे जाणवतच नव्हते, काहींना जाणवत असूनही ते बाईच्या जन्माचे प्राक्तन वाटत होते, आणि कित्येकींना, ते सांगावे असे माणूस आजवर त्यांच्या अंगणात आलेच नव्हते.

तो निबंध कर्करोगाविषयी नव्हता. तरीही आदिवासी आणि वनप्रदेशातील स्त्रियांच्या गर्भाशयमुखाच्या, गर्भाशयाच्या किंवा बीजांडकोशाच्या कर्करोगाचा विचार ज्याला करावयाचा आहे त्याने आरंभ तेथूनच केला पाहिजे, कारण हा रोग शरीराच्या नेमक्या त्याच भागात वाढतो ज्याविषयी घरात बोलणे नाही, दवाखान्यात विचारणे नाही आणि शासनाच्या नोंदवहीत, बाळंतपण आणि कुटुंबनियोजन हे दोन रकाने वगळले तर, फारसे लिहिणेही नाही. बाई गर्भार असेतोवर तिच्या उदराकडे साऱ्या यंत्रणेचे लक्ष असते. शेवटचे मूल झाले, शस्त्रक्रिया उरकली, की त्या उदराची चौकशी संपते. गर्भाशयमुखाचा कर्करोग प्रायः त्यानंतरच्या वर्षांत, पस्तीस ते साठ या वयात, डोके वर काढतो. जेथे चौकशी थांबते तेथे रोगाचा प्रवास सुरू होतो, ही या विषयाची पहिली आणि सर्वांत कठोर वस्तुस्थिती होय.

‘जागृतीचा अभाव’ हा शब्दप्रयोग सरकारी अहवालांतून आणि परिसंवादांतून इतक्या सहजतेने केला जातो, की अभाव कोणाच्या ठिकाणी आहे हे विचारण्याचे कोणास सुचत नाही. माझे म्हणणे असे आहे, की तो अभाव बाईच्या ठिकाणी जितका आहे त्याहून कितीतरी अधिक तो तिच्यापर्यंत न पोचलेल्या व्यवस्थेच्या ठिकाणी आहे. आपल्या अंगावरून काय जाते, केव्हा जाते, त्याला वास येतो की नाही, नवऱ्याजवळ गेल्यावर रक्त दिसते की नाही, हे त्या स्त्रीला माहीत असते. हे कोणत्या रोगाचे चिन्ह असू शकते एवढेच तिला ठाऊक नसते, आणि ज्याला ते ठाऊक असते तो तिला भेटत नाही. ही गाठ पडल्याखेरीज नुसते भित्तिपत्रक लावून किंवा कर्करोग दिनाच्या मिरवणुकीत शाळकरी मुलींच्या हाती फलक देऊन जी होते, तिला जागृती म्हणणे मला जड जाते.

रोगाचे स्वरूप थोडक्यात सांगितले पाहिजे, कारण त्याच्या स्वरूपातच आशा आहे. जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउझेन यांनी १९८३ साली गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या पेशींत मानवी पॅपिलोमा विषाणूचा एक विशिष्ट प्रकार दाखवून दिला आणि त्या कार्यासाठी २००८ चे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. शरीरसंबंधातून पसरणारा हा विषाणू इतका सार्वत्रिक आहे, की बहुसंख्य स्त्रीपुरुषांना तो कधी ना कधी गाठतो आणि बहुधा दोनएक वर्षांत शरीर त्याला परतवून लावते. ज्या थोड्या स्त्रियांच्या शरीरात तो ठाण मांडून बसतो, त्यांच्या गर्भाशयमुखाच्या पेशी सावकाश बदलू लागतात, आणि त्या बदलाचा कर्करोग होण्यास सामान्यतः दहा, पंधरा, कधी वीस वर्षे लागतात. लहान वयातील लग्न, अनेक बाळंतपणे आणि तंबाखू यांनी या वाटचालीला बळ मिळते. गडचिरोलीत पुरुषांइतक्याच सहजतेने स्त्रियाही खर्रा खातात. सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेल्या या मिश्रणाचा संबंध लोक तोंडाच्या कर्करोगाशी आता कुठे जोडू लागले आहेत; त्यातले विष रक्तावाटे गर्भाशयमुखापर्यंतही पोचते हे सांगणारा विरळाच. परंतु ज्या रोगाला एवढी मोठी मुदत लागते, त्याला वाटेत अडवण्यासही तेवढीच मोठी मुदत आपल्याला मिळते. मानवजातीला होणाऱ्या कर्करोगांपैकी इतका अवसर देणारे फार थोडे आहेत. आणि तरीही आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात भारतात सुमारे १ लाख २७ हजार स्त्रियांना हा रोग झाला आणि जवळजवळ ८० हजार स्त्रिया त्याने दगावल्या.

या रोगाची चाचणी करण्यासाठी प्रयोगशाळाच हवी असे नाही. तीन ते पाच टक्के शक्तीचे ॲसेटिक आम्ल, म्हणजे स्वयंपाकघरातील व्हिनेगरचेच सौम्य द्रावण, कापसाच्या बोळ्याने गर्भाशयमुखाला लावायचे, एक मिनिट थांबायचे आणि चांगल्या उजेडात पाहायचे: निरोगी भाग गुलाबी राहतो, बदललेल्या पेशींचा भाग स्पष्ट कडांचा, दाट पांढरा दिसू लागतो. त्यासाठी एक टेबल, एक पडदा, एक विजेरी, निर्जंतुक केलेले स्पेक्युलम आणि शिकवून तयार केलेली एक परिचारिका एवढे पुरते. २०१६ साली केंद्र शासनाने असांसर्गिक रोगांच्या लोकव्यापी तपासणीची जी पद्धत ठरवून दिली, तीत ३० ते ६५ वयाच्या प्रत्येक स्त्रीची ही चाचणी पाच वर्षांतून एकदा व्हावी असे म्हटले आहे. हुकूम निघाला. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत मात्र ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी आयुष्यात कधीही अशी चाचणी झालेल्या स्त्रिया देशभरात शंभरांत दोनसुद्धा भरल्या नाहीत, आकडा १.९ टक्के असा आला. हा शहरे आणि राजधान्या धरून सबंध देशाचा आकडा आहे.

हुकूम आणि अंगण यांच्यामधले अंतर कसे असते ते मी एटापल्ली तालुक्यातील एका टोल्यावर पाहिले. आशा कार्यकर्तीजवळ शासनाने दिलेला छापील तक्ता होता. तीस वर्षांवरील प्रत्येक माणसाला विचारावयाचे प्रश्न त्यात आहेत: तंबाखू खाता का, दारू घेता का, कंबरेचा घेर किती; आणि पुढे स्त्रियांसाठी निराळे प्रश्न: स्तनात गाठ आहे का, दोन पाळ्यांच्या मध्ये रक्त जाते का, पाळी कायमची बंद झाल्यावर रक्त गेले का, संबंधानंतर रक्त जाते का, दुर्गंधीयुक्त स्राव होतो का. तक्ता उत्तम आहे. ज्याने तो सिद्ध केला त्याला रोगाची लक्षणे नेमकी ठाऊक होती. पण ओसरीवर सासरा बसला होता, दिराचा मुलगा सायकलची साखळी बसवीत होता, आणि तंबाखूच्या प्रश्नापर्यंत मोकळेपणाने चाललेली लेखणी स्त्रियांच्या प्रश्नांपाशी येताच पाचही चौकोनांत ‘नाही’ अशा खुणा भराभर करून पुढे सरकली. त्या मुलीला दोष देण्याचे मला कारण दिसत नाही. तिला साठ-सत्तर घरे करावयाची होती, कामाचा मोबदला तुटपुंजा होता, आणि हे प्रश्न कोठे व कसे विचारावेत हे त्या छापील कागदात कोठेही लिहिलेले नव्हते.

कागद मिटून ठेवल्यावर मात्र तिने जे केले ते कोणत्याही प्रशिक्षणपुस्तिकेत घालावे इतक्या योग्यतेचे होते. दुपारी मोहफुले वाळत घातलेल्या अंगणात, पुरुष निघून गेल्यावर, ती त्या घरातल्या पोक्त बाईशेजारी फुले निवडीत बसली, प्रथम माडियात आणि मग माझ्यासाठी मराठीत बोलू लागली, आणि स्वतःच्या आईच्या दुखण्याची हकिगत सांगता सांगता तिने सहज विचारले, “माय, तुले पाळी बंद झाल्यावर कधी रगत गेलं का?” बाईचे हात थांबले नाहीत. ती म्हणाली, “जाते वो. दोन-तीन महिने झाले. पाळी बंद होऊन सात-आठ साल झाले होते. मले वाटलं, पुन्ना सुरू झाली.” आजवर कोणाला सांगितले का, असे विचारताच ती म्हणाली, “कोनी पुसलंच नाई, त सांगू कोनाले?” आणि थोड्या वेळाने, एटापल्लीच्या दवाखान्यात तपासून घ्यावे लागेल असे ऐकल्यावर, “निंगालं काई, त पुढं नेईन कोन?” आशाने सकाळच्या तक्त्यातील तो चौकोन खोडून तेथे ‘होय’ लिहिले आणि बाजाराच्या दिवशी आपण बरोबर येऊ असे कबूल केले. त्या बाईचे पुढे काय झाले हे लिहिण्याचा अधिकार तिच्याखेरीज कोणाला नाही, म्हणून मी ते लिहीत नाही.

तिचा दुसरा प्रश्न पहिल्या उत्तराहून महत्त्वाचा आहे. भामरागडचे उदाहरण घ्या. पर्लकोटा, पामुलगौतमी आणि इंद्रावती या तीन नद्या जेथे मिळतात त्या या तालुक्याच्या ठिकाणाहून जिल्ह्याचे गाव पावणेदोनशे किलोमीटरांच्या घरात, आणि तेथून नागपूर जवळजवळ तेवढेच दूर. पावसाळ्यात पर्लकोटा चढली की भामरागडचा जगाशी संबंध तुटतो, आणि तालुक्यातल्या आतल्या गावांना भामरागडही परदेश होते. रोग पुढे गेलेला असला तर त्यावरचा रूढ उपचार म्हणजे आठवड्यातून पाच दिवस याप्रमाणे पाचएक आठवडे किरणोत्सर्ग, त्याबरोबर दर आठवड्याला एक औषध शिरेतून, आणि त्यानंतर गर्भाशयमुखाच्या आतून द्यावयाचे किरण. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत, जी २०१२ साली राजीव गांधींच्या नावाने सुरू झाली होती, कर्करोगाच्या उपचारांचा समावेश आहे, आणि त्या योजनेने असंख्य कुटुंबांना कर्जापासून वाचवले हे कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे. परंतु योजना किरणांचे पैसे भरते. दीड-दोन महिने नागपुरात राहणाऱ्या दोन माणसांची बुडालेली मजुरी, त्या काळात रोवणीवाचून राहिलेले शेत, मे महिन्यात हातची गेलेली तेंदूपानाची कमाई, आणि ज्या शहरात आपली भाषा कोणी बोलत नाही तेथे रात्री कोठे पडावे हा प्रश्न, यांचा हिशेब तीत बसत नाही. उपचार अर्ध्यावर टाकून परतणाऱ्या बाईला ‘अडाणी’ म्हणून मोकळे होणारे लोक मी ऐकले आहेत. ती अडाणी नसते. घरच्या शेळ्या, शेत, पोरे आणि स्वतःचे आयुष्य यांची तिने फार नेमकी वजाबाकी केलेली असते.

सांगण्याने काही साधते की नाही, ही शंका कोणी घेईल. तिचे उत्तर सोलापूर जिल्ह्यातील बार्शीत मिळते. १९८७ साली तेथे भारतातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. ग्रामीण भागात कर्करोगाची नोंदणी करणे हे काम किती कठीण आहे याची कल्पना शहरात बसून येत नाही: मृत्यूचे दाखले अपुरे, मृत्यूचे कारण बहुधा ‘म्हातारपण’ किंवा ‘पोटदुखी’, आणि रोगी दवाखान्यात आलाच नाही तर त्याची नोंद तरी कोणी करावी? म्हणून बार्शीच्या कार्यकर्त्यांनी गावोगाव जाण्याची पद्धत घातली. ते ठरावीक काळाने प्रत्येक गावात जात, लोकांना कर्करोगाची लक्षणे सांगत, संशयित रोग्याला बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयात घेऊन येत. पुढे, १९९५ साली कस्तुरी जयंत आणि सहकाऱ्यांनी असे दाखवून दिले, की या संपर्कामुळे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या स्त्रिया पूर्वीपेक्षा आरंभीच्या अवस्थेत रुग्णालयात येऊ लागल्या होत्या. यंत्र नव्हते, लस नव्हती; पुन्हा पुन्हा येणारा माणूस आणि हाती धरून नेणारी सोबत एवढेच होते. जागृतीचा खरा अर्थ मला त्या निबंधात सापडतो. तेथे ज्याने सांगितले त्यानेच पुढे नेले, म्हणून लोकांनी ऐकले.

त्याच पायावर पुढे शेजारच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, ज्याचे नाव आता धाराशिव आहे, जगातील एका मोठ्या प्रयोगाची उभारणी झाली. १९९९ पासून ५२ गावसमूहांतील ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रियांची चार गटांत वाटणी करण्यात आली: एका गटाची विषाणूसाठी चाचणी, दुसऱ्याची पेशींची चाचणी, तिसऱ्याची ॲसेटिक आम्लाची चाचणी, आणि चौथ्या गटाला केवळ प्रचलित आरोग्यसेवा व माहिती. आठ वर्षांनंतर, २००९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत, विषाणूची एकदाच चाचणी झालेल्या ३४,१२६ स्त्रियांपैकी ३४ जणी या रोगाने मृत्यू पावल्याचे आढळले, तर चाचणी न झालेल्या ३१,४८८ स्त्रियांपैकी ६४. आयुष्यात एकदा, एकाच वेळी घेतलेल्या नमुन्याने मृत्यू निम्म्यावर आले. हे जगाला मराठवाड्यातील शेतकरी आणि शेतमजूर स्त्रियांनी शिकवले, आणि ज्या ६४ जणींची चाचणी झाली नव्हती त्यांच्या मृत्यूंचे ऋणही त्या ज्ञानावर आहे. तुलनेसाठी स्त्रियांचा एक गट चाचणीविना ठेवणे न्याय्य होते काय, हा वाद वैद्यकीय नीतिशास्त्रात आजही मिटलेला नाही, आणि तो मिटू नये असे मला वाटते. मुंबईच्या झोपडवस्त्यांत १९९८ पासून टाटा स्मारक रुग्णालयाने केलेल्या दुसऱ्या प्रयोगात दीड लाखांहून अधिक स्त्रियांचा समावेश होता. तेथे दहावीपर्यंत शिकलेल्या, वस्तीतून निवडून तयार केलेल्या स्त्री कार्यकर्त्यांनी दर दोन वर्षांनी ॲसेटिक आम्लाची चाचणी केली आणि बारा वर्षांनी मृत्यूंत ३१ टक्के घट दिसली. उस्मानाबादेत जी चाचणी एकदाच करून मृत्यू ठळकपणे घटले नव्हते, तीच मुंबईत पुन्हा पुन्हा केल्यावर उपयोगी ठरली. ज्या वनप्रदेशात परिचारिका पाच वर्षांतून एकदा तरी येईल की नाही याची शाश्वती नाही, तेथे म्हणूनच विषाणूच्या चाचणीचा आग्रह धरला पाहिजे. तिचा नमुना स्त्रीला आडोशाला जाऊन स्वतः घेता येतो, आणि २०२१ पासून जागतिक आरोग्य संघटनेने तिलाच अग्रक्रम दिला आहे. परपुरुषासमोर, किंवा परक्या बाईसमोरही, टेबलावर पडण्याचा ज्यांना जीवघेणा संकोच वाटतो त्या स्त्रियांसाठी ही लहान सोय नव्हे.

परंतु आदिवासी समाजाकडे ही मागणी घेऊन जाताना एक जुना हिशेब चुकता केल्यावाचून चालणार नाही. सिरोंच्याजवळून वाहणारी गोदावरी पुढे भद्राचलमला जाते. तेथे, त्या वेळच्या आंध्र प्रदेशातील खम्मम जिल्ह्यात, आणि गुजरातेत वडोदरा जिल्ह्यात, २००९ साली ‘पाथ’ या अमेरिकन संस्थेने भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद व राज्य शासनांच्या सहकार्याने या विषाणूविरुद्धच्या लशींचा प्रात्यक्षिक प्रकल्प राबवला. लस टोचलेल्या मुली दहा ते चौदा वर्षांच्या होत्या, त्यांपैकी पुष्कळ आदिवासी होत्या आणि कित्येक वसतिगृहांत राहत होत्या. त्या काळात सात मुली मृत्यू पावल्या. चौकशीत त्या मृत्यूंचा लशीशी संबंध असल्याचे दिसून आले नाही. तरीही एप्रिल २०१० मध्ये प्रकल्प थांबवण्यात आला, आणि ऑगस्ट २०१३ मध्ये संसदेच्या आरोग्यविषयक स्थायी समितीने आपल्या ७२ व्या अहवालात त्यावर अत्यंत कठोर ताशेरे ओढले. आंध्रातील संमतिपत्रांपैकी २,७६३ वर वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या सह्या होत्या. आईबापांना न विचारता, त्यांच्या लेकींच्या दंडात काय टोचले जात आहे हे त्यांना न सांगता, शासकीय शिक्क्याच्या आधारे हे काम उरकले गेले. लस चांगली होती. आजही चांगली आहे. विश्वास मात्र त्या एका सहीने इतका दुखावला, की त्यानंतरची कित्येक वर्षे सबंध देशात या लशीचे नाव काढणे अवघड होऊन बसले, आणि त्या विलंबाची किंमत आज ज्या मुली मोठ्या होत आहेत त्यांनी मोजावयाची आहे.

आता पुण्याच्या सीरम संस्थेने तयार केलेल्या ‘सर्वाव्हॅक’ या स्वदेशी लशीला २०२२ साली परवानगी मिळाली आहे, आणि एका मात्रेनेही पुरेसे संरक्षण मिळते असे जागतिक आरोग्य संघटनेचे तज्ज्ञ सांगू लागले आहेत. आश्रमशाळेतील प्रत्येक मुलीला ती मिळाली पाहिजे असे मला मनापासून वाटते. मात्र अधीक्षकाच्या सहीने नव्हे. ज्या दिवशी मुलीच्या आईला बोलावून, तिच्या बोलीत, तिच्या प्रश्नांना उत्तरे देऊन संमती मागितली जाईल, त्याच दिवशी त्या आईला स्वतःच्या अंगावरच्या दुखण्याविषयीही विचारता येईल. लस मुलीसाठी आणि चाचणी आईसाठी, अशी ही दोन कामे एकाच भेटीत जुळवणे शक्य आहे. आज ती दोन निरनिराळ्या विभागांच्या दोन निरनिराळ्या नस्तींत पडून असतात.

गर्भाशयमुखापलीकडच्या कर्करोगांविषयी थोडेच सांगण्यासारखे आहे, आणि ते उदास करणारे आहे. बीजांडकोशाच्या कर्करोगासाठी लोकव्यापी तपासणीची विश्वसनीय पद्धत अद्याप नाही. पोट फुगणे, भूक मंदावणे, दोन घास खाताच पोट भरल्यासारखे वाटणे ही त्याची चिन्हे मलेरियाग्रस्त मुलुखात पानथरीच्या वाढीवर सहज खपून जातात. गर्भाशयाच्या अंतःस्तराचा कर्करोग मात्र पाळी थांबल्यानंतरच्या रक्तस्रावाने बहुधा वेळेवर सूचना देतो. ही एक गोष्ट, की पाळी बंद झाल्यावर वर्षभराने गेलेला रक्ताचा एक डागसुद्धा दाखवून घ्यावा, सुईणीपासून पुजाऱ्यापर्यंत सर्वांना सांगता आली तर पुष्कळ साधेल. पुजाऱ्याचे नाव मी मुद्दाम घेतले आहे. बाई प्रथम त्याच्याकडे जाते. त्याला शत्रू मानणारी आरोग्ययंत्रणा आपल्या पहिल्याच हितचिंतकाला दूर लोटते.

येथे एका धोक्याचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. भीती पसरवणे आणि जाण निर्माण करणे यांत महदंतर आहे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांच्या गर्भाशयशस्त्रक्रियांचे प्रकरण २०१९ साली उजेडात आले आणि शासनाला चौकशी समिती नेमावी लागली. पांढरे जाते, पोटात दुखते, एवढ्या तक्रारीवर तिशीतल्या स्त्रियांना ‘पिशवी काढा, नाही तर कॅन्सर होईल’ असे सांगण्यात आल्याच्या कहाण्या तेव्हा बाहेर आल्या. कर्करोग हा शब्द तेथे पोचला होता. चाचणी पोचली नव्हती. आदिवासी तालुक्यांत आपण जो शब्द घेऊन जाणार आहोत तो जर तपासणी आणि उपचार यांच्या आधी एकटाच पोचला, तर त्याचा धंदा करणारे त्याच्या मागोमाग येतील. अंगावरून पांढरे जाण्याचे कारण बहुतेक वेळा साधा जंतुसंसर्ग असतो आणि तो गोळ्यांनी बरा होतो, हे सांगणे जितके आवश्यक, तितकेच पांढरा डाग दिसला तरी तो कर्करोग नव्हे, तर कर्करोग होऊ नये म्हणून मिळालेली सूचना आहे, हे सांगणेही आवश्यक. अशा डागावर विजेरीएवढ्या उपकरणाने मिनिटभराच्या आत उष्णतेचा उपचार करता येतो; तो त्याच बैठकीत, त्याच टेबलावर व्हावा, कारण पुढच्या तारखेला परत बोलावलेल्या बाईच्या आणि दवाखान्याच्या मध्ये नदी असते, रोवणी असते, मोहाचा हंगाम असतो. म्हणून शिबिरांच्या तारखा ग्रामसभेला विचारून ठरल्या पाहिजेत. पर्लकोटेला पूर आलेला असताना भामरागडला तपासणी ठेवणारे वेळापत्रक मुंबईत कागदावर कितीही नीटस दिसले तरी ते निरुपयोगी आहे. आणि ज्या काही गावांत पाळीच्या दिवसांत स्त्रिया अजूनही कुर्माघरात राहतात, तेथे ते घर कितीही अन्यायाचे असले तरी, ते पाडण्याची लढाई चालू असताना, स्त्रिया जेथे एकमेकींशी मोकळेपणाने बोलतात ती एक जागा म्हणून परिचारिकेने त्याच्या उंबऱ्यापर्यंत जाण्यास संकोच करू नये.

डॉ. अभय व राणी बंग यांच्या ‘सर्च’ने शोधग्राममध्ये रुग्णालय बांधावयाचे ठरवले तेव्हा गावकऱ्यांशी आधी विचारविनिमय केला. मोठ्या इमारतीची भीती वाटते, नातलगांना बरोबर राहता आले पाहिजे, आणि दवाखान्यात देवी हवी, असे लोकांनी सांगितले. म्हणून त्या रुग्णालयाला माँ दंतेश्वरीचे नाव आहे आणि तेथे रोग्याला आप्तांसह राहता येईल अशा झोपड्या आहेत. गडचिरोलीहून किंवा मेळघाटातून किरणोपचारासाठी नागपूरला येणाऱ्या स्त्रीसाठी असेच एक वसतिस्थान का होऊ नये, जेथे गोंडी, माडिया आणि कोरकू बोलणारी एकेक बाई नोकरीस असेल, चूल असेल, आणि पाच आठवडे राहणाऱ्या सोबतिणीला रोजगार हमीच्या दराने मजुरी मिळेल? पैशाची तजवीज अशक्य नाही. महाराष्ट्राने १९९३ पासून सुकथनकर समितीच्या शिफारशीनुसार आदिवासी लोकसंख्येच्या प्रमाणात अर्थसंकल्पातील हिस्सा आदिवासी उपयोजनेसाठी वेगळा काढण्याचे धोरण स्वीकारले आहे. त्या खर्चात रस्ते, इमारती, गणवेश आणि सायकली यांच्यासाठी लेखाशीर्षे आहेत. त्यांच्याच खाली कर्करोगग्रस्त स्त्रीच्या सोबतिणीचा प्रवास, निवास आणि बुडीत मजुरी यांसाठी एक लेखाशीर्ष उघडावे, आणि ते मंजूर झाल्याचा कागद जिल्हा मुख्यालयात न थांबता आशा कार्यकर्तीच्या हाती पडावा, म्हणजे पुढे नेईन कोण, असे कोणी विचारले तर तिला गाडीचा वार, मुक्कामाचा पत्ता आणि सोबत येणाऱ्या बाईचे नाव त्याच वेळी सांगता येईल.